फळे आणि मासे यांवर आधारलेला कच्चा आहार सांगलीत राहून कसा सुरू करावा?

विश्रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीत राहतो, वय बेचाळीस, काम दिवसभर बसून करायचे. अलीकडच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करा, गोड आणि तळलेले आवरा, एवढे सांगितले आहे. सध्या मी न शिजवलेल्या आहाराविषयी वाचतो आहे आणि त्यातला फळे, भाज्या, सुकामेवा व मासे एवढ्यांवरच राहण्याचा प्रकार मला पटण्यासारखा वाटतो. नुसत्या फळांतून प्रथिने पुरेशी मिळणार नाहीत हे कळते, म्हणून सोबत मासा असावा असे मनात आहे. शिवाय आमच्या घरी मासे आवडीने खाल्ले जातात. अडचण अशी की परदेशातील मंडळी ज्या माशांची नावे घेतात ते आपल्या बाजारात मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते कोणी कच्चे खाल्ल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बांगडा किंवा सुरमई लिंबाच्या रसात तासभर मुरवून ठेवली तर ती तशीच खाता येईल का? कृष्णेतला, डोळ्यांदेखत जाळ्यातून काढलेला मासा हा बर्फातून आलेल्या माशापेक्षा अधिक सुरक्षित समजावा का? सध्या द्राक्षांचा हंगाम भरात आहे, पण फवारणीच्या भीतीने ती किती खावीत हे ठरत नाही. भाकरी आणि भात एकदम सोडावा की हळूहळू? आणखी एक गोष्ट म्हणजे, माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि तू जे खाशील तेच मीही खाणार असे ती म्हणते आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आहारतज्ज्ञ, मिरज

नमस्कार. आपण फळे आणि मासे एकाच दमात विचारले आहेत, परंतु त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. फळ न शिजवता खाण्यातला धोका धुऊन, निवडून बराचसा टाळता येतो. माशाचा तसा टाळता येत नाही.

आधी मासा. समुद्रातील अनेक माशांच्या आतड्यांत आणि मांसात ॲनिसाकिस जातीच्या कृमींच्या अळ्या असू शकतात, आणि त्या जिवंत पोटात गेल्या तर काही तासांतच तीव्र पोटदुखी व उलट्या सुरू होतात. जिथे कच्चा मासा नेहमी खाल्ला जातो तिथे तो पाण्यातून काढून थेट ताटात येतो अशी आपली समजूत असते, पण तिथली व्यवस्था निराळी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चा वाढायचा मासा आधी उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवावा लागतो. आपल्या घरच्या फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ अंश असते, त्याचे दार दिवसातून अनेकदा उघडले जाते, आणि उन्हाळ्यात वीज गेली की तेवढेही टिकत नाही. शिवाय एवढे करून मरतात त्या फक्त कृमींच्या अळ्या. साल्मोनेला किंवा व्हिब्रिओसारखे जिवाणू गोठवल्याने संपत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते.

लिंबाच्या रसाने माशाचे मांस पांढरे आणि घट्ट होते, त्यामुळे तो शिजल्यासारखा दिसतो, परंतु कृमी मरण्यासाठी ती आंबटाई पुरत नाही. थायलंडच्या ईशान्य भागात नदीतला मासा बारीक चिरून, लिंबू आणि मसाला घालून कच्चा खाण्याची जुनी रीत आहे. त्यातून यकृतात शिरणाऱ्या एका चपट्या कृमीची लागण तिथे मोठ्या प्रमाणावर होते आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोगही होतो, हे पुरेपूर सिद्ध झालेले आहे. तोच कृमी कृष्णेत आहे असे मी म्हणत नाही. लिंबावर विसंबू नये, एवढ्यासाठीच हे उदाहरण दिले. त्यातून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर निघते. नदीतला मासा कितीही ताजा असला तरी कच्चा खाण्याच्या दृष्टीने तो समुद्रातील माशापेक्षा सुरक्षित नसतो, किंबहुना अधिक जोखमीचा असतो, कारण माणसाच्या शरीरात वाढू शकणारे कृमी गोड्या पाण्यातील माशांत अधिक आढळतात आणि गावोगावचे सांडपाणीही त्याच पाण्यात येते. मरळ, वाम, कटला, चिलापी यांपैकी काहीही कच्चे खाऊ नये.

बांगडा आणि तारली यांच्याबाबत आणखी एक सावधगिरी, आणि ही शिजवून खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. हे मासे थंडाव्याबाहेर राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. मग खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने जात नाही. तेव्हा बांगडा घ्यायचा तो बर्फातलाच आणि घरी आणल्याबरोबर फ्रीजमध्ये जायला हवा.

आता फळे. आपली तक्रार ट्रायग्लिसराइड्सची असल्याने येथे मला स्पष्ट बोलावे लागेल. दिवसाच्या २००० कॅलरी केवळ केळ्यांतून मिळवायच्या म्हटल्या तर सोललेली केळी सुमारे दोन किलो खावी लागतील, द्राक्षे खायची तर जवळजवळ तीन किलो. एवढी साखर रोज पोटात गेली तर, ती फळांतली असली तरी, यकृत तिच्यातील जादा भागाची चरबीच करते आणि ज्या आकड्यासाठी आपण हे सारे आरंभिता आहात तोच वाढण्याचा संभव असतो. फळांचा रस काढून पिणे तर आणखी वाईट. प्रथिनांचा हिशेब पाहा. ६५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन किलो केळ्यांत त्याच्या निम्मीही भरत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. आपण फळे त्याच्या दुप्पट केली तरी माझी हरकत नाही, परंतु कच्च्या आहाराचा कणा भाज्यांचा असावा, फळांचा नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की सकाळचे आणि मधल्या वेळचे खाणे न शिजवलेले ठेवावे, त्यात भिजवलेले शेंगदाणे, अक्रोड, जवस घ्यावेत, आणि एका जेवणात मासा वाफवून घ्यावा. हळद, मीठ, आले-लसूण लावून केळीच्या पानात गुंडाळलेली सुरमईची तुकडी दहा-बारा मिनिटांत वाफेवर होते. काटा लावल्यावर मांस पाकळ्यांसारखे सुटले आणि आत पारदर्शक राहिले नाही की झाली. माशातील ओमेगा-३ स्निग्धांश वाफवल्याने फारसे कमी होत नाहीत आणि ट्रायग्लिसराइड्ससाठी उपयोग त्यांचाच असतो. काही माशांत थायामिनेज नावाचे एक विकर असते, ते कच्चे पोटात गेल्यास ब१ जीवनसत्त्व नष्ट करते, शिजवल्यावर मात्र निकामी होते. म्हणजे मासा शिजवल्याने पोषण बुडते ही समजूत उलट्या बाजूनेही तपासून घ्यावी.

आईंना मात्र यात घेऊ नये, निदान त्यांच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तर नाहीच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भाकरी अचानक बंद केली तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि उलट सकाळीच केळी-द्राक्षे भरपूर खाल्ली तर ती चढते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्यास ब१२ची पातळीही तपासून घ्यावी.

कोयनाकाठ, कराड

आमच्या घरात मासळीचा व्यवसाय आहे, म्हणून मासा इथवर कसा येतो ते लिहितो. वैद्यकीय बाजू ताईंनी मांडलीच आहे.

कराडच्या बाजारात जो समुद्राचा मासा दिसतो तो किनाऱ्यावरून गाडीने, बहुतेक वेळा चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येतो. बोट समुद्रात काही दिवस राहते, तेवढे दिवस मासा बोटीवरच्या बर्फात असतो; मग बंदरावर लिलाव होतो, पुन्हा बर्फ घालून क्रेट भरले जातात आणि गाडी घाटाला लागते. वाटेत बर्फ वितळत असतो, त्याचे लालसर पाणी वरच्या क्रेटमधून खालच्या क्रेटमध्ये झिरपत राहते आणि पहाटे गाडी उघडते तेव्हा सर्वांत खालचे क्रेट त्याच पाण्यात असतात. हा मासा खराब नसतो, धुऊन शिजवल्यावर उत्तम लागतो आणि आम्ही स्वतः तोच खातो. परंतु हाच मासा कच्चा खातो असे कोणी म्हटले तर मी त्याला विकणार नाही. शिवाय ज्या सुरीने आणि ज्या लाकडी ठोकळ्यावर आम्ही मासा कापतो, त्यावर सकाळपासून सगळ्या जातींचे मासे कापलेले असतात.

घेताना कल्ल्याचे झाकण अंगठ्याने उचलून पाहावे. आत गर्द लाल रंग आणि पातळ, स्वच्छ ओल असेल तर मासा चांगला. कल्ले तपकिरी होऊन चिकट झाले असतील तर दुकानदार काहीही म्हणो, पुढच्या पाटीकडे वळावे. बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर यायला हवे आणि डोळा फुगीर, चकचकीत असावा. कल्ले लाल आणि डोळे स्वच्छ असूनही माशाला अजिबात वास नसेल, अंग रबरासारखे कडक लागत असेल आणि त्यावर माशीही बसत नसेल तर मात्र शंका घ्यावी. मासा टिकवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या फॉर्मेलिन या घातक रसायनावरून २०१८ साली गोव्यात मोठा गदारोळ झाला, तेव्हापासून जाणती गिऱ्हाइके आमच्याकडेही हे विचारू लागली, आणि विचारावेच.

एक विचार आणखी करून ठेवा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाजारात येणारा पापलेट-सुरमई हा मुख्यतः शीतगृहातला किंवा लांबून आलेला असतो. मासा हाच आहाराचा आधार ठरवणार असाल तर पावसाळ्यात काय करायचे ते आधी ठरवा; आम्ही तेव्हा तळ्यातले कटला-रोहू खातो.

द्राक्षबागाईतदार, तासगाव

फवारणीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो, कारण या विषयावर दोन्ही टोकांचे बोलणे ऐकू येते आणि दोन्ही खोटे असते.

द्राक्षाला फवारणी लागते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या दोन रोगांपासून बाग वाचवायची तर दुसरा उपाय नाही, आणि अवकाळी पाऊस झाला की फवारण्या वाढतात. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ ठरलेला असतो, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर अमुक दिवस माल तोडायचा नाही. निर्यातीच्या बागांची नोंदणी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत होते आणि माल तोडण्यापूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी होते, म्हणून तिथे हा काळ काटेकोर पाळला जातो. स्थानिक बाजारातल्या मालाला तशी तपासणी नाही, तिथे शेतकऱ्याच्या सचोटीवर भिस्त असते. आपण सांगलीत राहता, तेव्हा एखादा ओळखीचा बागाईतदार गाठून थेट बागेतून माल नेणे आणि शेवटची फवारणी कधी झाली ते विचारणे हे तुम्हाला सहज जमण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते जमत नाही.

मण्यावर जी पांढुरकी लव दिसते तिला लोक औषध समजून घासत बसतात. ती द्राक्षाची स्वतःची मेणासारखी पूड असते आणि हाताळणी कमी झाल्याची खूण म्हणून व्यापारी तिला भाव देतात. वाळलेल्या थेंबांचे गोल डाग किंवा देठाजवळ साचलेली निळसर-पांढरी पूड दिसली तर ते औषध. घड आधी वाहत्या पाण्याखाली धरावा, मग लिटरभर पाण्यात साधारण दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा आणि पुन्हा धुवावा. पृष्ठभागावरचे बरेचसे औषध त्याने निघते. आंतरप्रवाही औषधे मण्याच्या आत गेलेली असतात, ती कशानेही धुऊन निघत नाहीत, म्हणून प्रतीक्षा काळालाच खरे महत्त्व आहे.

कच्चा आहार करणारे बरेच जण बेदाण्यावर भर देतात, म्हणून तेही सांगतो. आमच्याकडे द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकवर सावलीत वाळवतात, आणि पिवळाधमक रंग हवा असेल तर वर गंधकाची धुरी देतात. दमा असलेल्यांना गंधकाचा त्रास होऊ शकतो. घरी खायला आम्ही धुरी न दिलेला, दिसायला काळपट असा माल ठेवतो. बाजारात त्याला भाव कमी मिळतो, पण चवीत तो उणा नाही.

वाई परिसर

मी गेली बरीच वर्षे दुपारच्या जेवणापर्यंत न शिजवलेलेच खाते आणि संध्याकाळी ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी असे साधे जेवण घेते. मिरजेच्या ताईंचे माशांबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु फळांबद्दल त्या जरा अधिक कडक बोलल्या असे वाटते. मनुष्य तीन किलो द्राक्षे खात नाही. तीन-चार पेरू आणि एक पपई खाऊन त्याचे पोट भरते, आणि ज्याच्या घरी सकाळी गोड चहाबरोबर खारी-बिस्किटे चालतात त्याने त्याऐवजी पेरू खाल्ला तर नुकसान काय आहे? माझे पोट साफ राहू लागले आणि दुपारी येणारी ग्लानी गेली. याहून मोठा दावा मी करत नाही.

तुम्हाला सुरुवात कशाने करावी हे हवे आहे, तर परक्या पाककृती शोधत बसू नका. मेथीचा घोळाणा, मुळ्याचा किस, दह्यातली काकडीची कोशिंबीर, हरभऱ्याचे डहाळे, ओल्या शेंगा, कोवळी गाजरे, पातीचा कांदा, थंडीत लिंबू पिळलेल्या ओल्या हळदीच्या चकत्या, हे सगळे आपल्या ताटात कडेला असतेच. त्याचे प्रमाण वाढवून ते मधोमध आणायचे, एवढाच बदल आहे. घोळाण्यासाठी मेथीची पाने शेताच्या मातीसकट येतात, म्हणून ती तीन पाण्यांतून काढावी आणि शेवटच्या पाण्यात तळाशी रेती उरत नाही हे पाहावे. मग दाण्याचे कूट, कांदा, मीठ आणि कच्चे तेल घालून हाताने हलकेच चोळावी. स्ट्रॉबेरी आमच्याकडे डिसेंबरपासून भरपूर असते. ती मात्र पाण्यात भिजत ठेवू नये, देठ न काढता धुवावी, नाहीतर आत पाणी शिरून बेचव होते.

काही गोष्टींची काळजी घ्या. मोड आलेली मटकी मी कच्ची खात नाही, एक वाफ देतेच. ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात त्यातच जिवाणूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई-कोलायने पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. राजमा तर पूर्ण शिजवल्यावाचून खायचाच नाही, तो कच्चा विषारी असतो. दुधीचा रस काढणार असाल तर आधी चकती चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. आणि आंबट फळे खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, नुसती चूळ भरा. मला दात शिवशिवू लागल्यावर दंतवैद्यांनी हेच सांगितले.

विश्रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. कच्च्या माशाचा विचार मी सोडला आहे आणि आईला यात घेणार नाही. सकाळपासून दुपारपर्यंत न शिजवलेले आणि रात्री वाफवलेला मासा, भाजी व एखादी भाकरी, असे आधी तीन महिने करून पुन्हा रक्त तपासून घेईन. एक शंका राहिली. सुकट, बोंबील, सोडे हे चुलीवर न चढवता उन्हात वाळवलेले असतात. पावसाळ्यात ताजा मासा नसताना ते तसेच, न शिजवता खाल्ले तर चालतील का?

आहारतज्ज्ञ, मिरज

तसेच खाऊ नयेत. वाळवताना त्यांवर धूळ, माश्या आणि पक्षी यांचा वावर असतो, आणि उन्हाने पाणी उडते म्हणून सगळे जिवाणू मरतात असे नाही. तव्यावर मंद आचेवर चांगले परतून घ्यावेत. खारवलेल्या माशात मीठही फार असते, तेव्हा रक्तदाब वाढलेला असल्यास तो क्वचितच घ्यावा. वाईच्या ताईंच्या पेरूला माझी ना नाही, त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. फक्त पुढे उत्साहाच्या भरात संध्याकाळची भाकरीही सोडू नये. जर्मनीत दीर्घकाळ जवळजवळ पूर्ण कच्च्या आहारावर राहिलेल्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात वजने बरीच उतरलेली दिसली, परंतु ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. आपल्या पत्नीही हे करणार असतील तर त्यांना हे जरूर वाचून दाखवावे.

कोयनाकाठ, कराड

सुक्या मासळीबद्दल एक भर. सोडे आणि सुकट घेताना मूठभर हातात घेऊन चोळून पाहावी. कोरडी, हलकी आणि मोडणारी असेल तर घ्यावी, हाताला ओल लागली किंवा तळाशी पिवळसर भुकटी दिसली तर घेऊ नये, कारण पावसाळ्यात तिला लवकर बुरशी धरते. खरेदी मे महिन्यातच उरकावी आणि घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बोंबील असतील तर भाजण्याआधी डोके आणि शेपूट काढून, दोन वेळा पाण्यातून खळबळून घ्यावेत, म्हणजे रेती आणि वरचे मीठ दोन्ही निघून जाते.